मेजरमेंट बुकाची सवय

सरकारी बांधकाम खात्यात एक वही असते. तिला पूर्ण नावानं कोणी हाक मारत नाही. ओव्हरसिअरपासून ठेकेदाराच्या कारकुनापर्यंत सगळे तिला 'एम.बी.' म्हणतात. मेजरमेंट बुक. पानांवर छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचं नाही. आकडा चुकलाच तर तो वाचता येईल अशी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. माप जागेवर घ्यायचं आणि जागेवरच नोंदवायचं. संध्याकाळी डाकबंगल्यात बसून आठवून लिहिलेलं माप चालत नाही. ठेकेदाराचं बिल निघतं ते या वहीवरून. खड्डा किती खोल गेला, खडी किती ब्रास पडली, यावर कोणाच्या तोंडी शब्दाला काडीची किंमत नसते.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुण्या-मुंबईकडचे बरेच इंजिनियर खातं किंवा कारखाना सोडून भलत्याच कामांत शिरले. कोणी संस्थानचा कारभार पाहिला, कोणी भिल्लांच्या पाड्यांवर शाळा काढल्या, कोणी दुष्काळी गावात पाणी वाटलं. त्यांनी बांधलेले पूल, कालवे आणि रूळ जागच्या जागी राहिले. ते गाठोड्यात बांधून नेता येत नाहीत. या माणसांच्या पुढच्या आयुष्याकडे बारकाईनं पाहिलं, तर त्यांच्यासोबत गेली ती मुख्यतः एम.बी. भरायची सवय, असं दिसतं.

या गोष्टीची सुरुवात पुण्यात 1854 साली होते. 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असं लांबलचक नाव घेऊन निघालेल्या त्या शाळेचा हेतू फार मोठा नव्हता. कंपनी सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती: रस्त्याची पातळी धरणारी, मजुरांचं मस्टर लिहिणारी, साहेबाला अंदाजपत्रक तयार करून देणारी. पुढे ही शाळा मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली, 1880 मध्ये तिचं सायन्स कॉलेज झालं आणि 1911 पासून ती कॉलेज ऑफ इंजिनियरिंग या नावानं ओळखली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात तिथून एल.सी.ई. ही इंजिनियरिंगची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोराला साखळी ओढता यायची, लेव्हल लावता यायची, खुंट्या ठोकून कालव्याची रेषा आखता यायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अमुक काम अमुक माणसांकडून अमुक दिवसांत अमुक पैशांत होईल, हे कागदावर मांडून त्याखाली सही करायची त्याची तयारी असायची. सही केली की जबाबदारी आली. वकिलीच्या किंवा मास्तरकीच्या शिक्षणात हा भाग नव्हता.

अर्थात वही आहे म्हणून माप खरं असतं, असं मानायचं कारण नाही. हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात खणखणीत सांगितलं ते वहीच्या पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसानं. जोतीराव फुले स्वतः सरकारी कामांचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला. मस्टरवरची खोटी नावं, वाढवलेली मापं, मजुरांच्या हातात पडणारे कमी पैसे हा सगळा खेळ त्यांनी जवळून पाहिला, आणि इंजिनियर खात्यातल्या लबाडीवर पवाडाही रचला. इंजिनियरांच्या थोरवीच्या कथा वाचताना हा पवाडा शेजारी ठेवलेला बरा.

या विद्येची खरी परीक्षा दुष्काळात होत असे. 1876-78 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात लाखो माणसं सरकारी कामांवर आली. निरेच्या डाव्या कालव्याचं काम त्याच काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झालं. खडी फोडणाऱ्यांच्या टोळ्या, टोळीवर मुकादम, रोजचं ठरलेलं काम, संध्याकाळी माप आणि मापाप्रमाणे मजुरी, असा तो कारभार. याच दुष्काळात सरकारचे दुष्काळी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी गड्याची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड इतकी खाली आणली. इथे मोजमापाची सगळी व्यवस्था चोख होती. फक्त एका पौंडात खडी फोडणारा गडी जगतो का, हे मोजायचं कोणाच्या वहीत नव्हतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं ते काम अंगावर घेतलं आणि तालुक्या-तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. सभेचे लोक इंजिनियर नव्हते. पण सरकारशी आकड्यांनीच भांडायचं असतं, हे पुण्यात तेव्हाच मुरलं होतं. या हवेत शिकलेल्या दोन विद्यार्थ्यांनी पुढे अगदी वेगळ्या वाटा धरल्या.

पहिले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्यात आले, 1883 मध्ये एल.सी.ई.ला पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर झाले. नाशिक, खानदेश, सक्कर, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. खानदेशात पांझरेच्या पात्राखालून नळाचा सायफन घालणं हे त्यांचं सुरुवातीचं काम. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता सुमारे आठ फूट जास्त पाणी त्यामुळे अडलं. पुण्याची तहान त्या आठ फुटांवर काही वर्षं भागली.

पण त्यांच्या पुढच्या कारकिर्दीची खूण या दरवाज्यांत सापडत नाही, ती निरेच्या कालव्यावरच्या 'ब्लॉक पद्धती'त सापडते. कालव्याचं पाणी उसावाले ओढून नेत, जमिनी पाणथळ होत आणि खालच्या गावांना थेंब मिळत नसे. विश्वेश्वरय्यांनी 1899 च्या सुमारास सुचवलं, की कालव्याखालच्या जमिनीचे ठरावीक ब्लॉक पाडा, त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्या आणि ब्लॉकातली पिकं फेरपालटानं घ्यायला लावा, म्हणजे ऊस थोड्या भागातच राहील आणि पाणी जास्त गावांत पसरेल. यात बांधकाम असं जवळजवळ काहीच नव्हतं. एक खोरं, हजारो हिस्सेदार, मर्यादित पाणी, आणि त्यांच्यात टिकेल असा करार. इंजिनियर बांधणारा राहिला नव्हता, वाटणारा झाला होता. 1912 मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले तेव्हा लोकांना नवल वाटलं. पण दिवाणगिरीची उमेदवारी त्यांनी निरेच्या काठावर आधीच केली होती.

दिवाण म्हणून त्यांनी संस्थान एखाद्या मोठ्या कामासारखं हाकलं. 1911 पासूनच त्यांच्या पुढाकारानं म्हैसूरची आर्थिक परिषद सुरू झाली होती. शेती, शिक्षण आणि उद्योग-व्यापार अशा तीन समित्या, त्यांना ठरवून दिलेली कामं आणि त्यांचे अहवाल. 1913 मध्ये बँक, 1916 मध्ये विद्यापीठ, त्याच सुमारास चंदनाच्या तेलाचा साबण. पुढे 1934 मध्ये त्यांनी साऱ्या देशासाठीच नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा पुस्तकरूपानं मांडला. नियोजन आयोगाला तेव्हा सोळा वर्षं अवकाश होता.

त्यांची पट्टी जिथे तोकडी पडली, तेही सांगायला हवं. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना जागा राखून देण्याचा प्रश्न आला. महाराजांनी त्यासाठी मिलर समिती नेमली आणि 1918 च्या अखेरीस विश्वेश्वरय्या दिवाणगिरीवरून उतरले. गुणवत्ता हे एकच माप त्यांना मान्य होतं. निरेच्या खोऱ्यात वरच्या गावानं पाणी ओढलं की खालचं गाव कोरडं राहतं, हे ज्या माणसानं इतकं अचूक ओळखलं, त्याला नोकऱ्यांच्या कालव्यावर तेच चित्र दिसलं नाही.

दुसरे अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर. जन्म भावनगरचा, 1869 चा. पुण्यातून ते 1890 मध्ये एल.सी.ई. झाले. विश्वेश्वरय्यांच्या मानानं त्यांची इंजिनियरिंगची कारकीर्द साधीच. काठियावाडच्या संस्थानांत नोकऱ्या, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या कामावर काही वर्षं, मग सांगली संस्थानात थोडा काळ, आणि अखेर मुंबई महापालिकेत. तिथे त्यांच्याकडे शहराचा कचरा बाहेर वाहून नेणाऱ्या रेल्वेची देखरेख आली. कोणत्याही महत्त्वाकांक्षी इंजिनियरनं नाक मुरडावं असं हे काम. रूळ, वाघिणी, कचरा उतरवणारी माणसं आणि शहराबाहेरचे ढिगारे.

रेल्वे वेळेवर चालायची तर ती भरणारी आणि उपसणारी माणसं वेळेवर यायला हवीत. ती कुठे राहतात, पगार हातात पडल्यावर तो कुठे जातो, गैरहजर का राहतात, हे पाहत पाहत ठक्कर सफाई कामगारांच्या वस्तीत पोचले. तिथे त्यांना कर्जाचं जाळं दिसलं. नोकरी मिळवण्यापासून लग्नकार्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी काढलेलं कर्ज आणि पगाराच्या दिवशी दाराशी उभा असलेला सावकार. याच मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांचं अस्पृश्यतानिवारणाचं काम चालू होतं. त्यांचा आणि गोखल्यांचा प्रभाव ठक्करांवर पडला. फेब्रुवारी 1914 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पालिकेची नोकरी सोडली आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. पुढे सारा देश त्यांना ठक्करबाप्पा म्हणून ओळखू लागला. समाजात गेल्यावर ते पुन्हा त्याच सफाई कामगारांकडे वळले, सावकाराच्या तावडीतून त्यांना सोडवण्यासाठी सहकारी पतपेढ्या उभारायला. कचऱ्याच्या रेल्वेचा साहेब आता पासबुकं तपासत होता.

गोखले वर्षभरातच गेले. 1915 मध्ये गांधींच्या कोचरबच्या आश्रमात दुदाभाई हे अस्पृश्य शिक्षक आपल्या बायकामुलीसह राहायला आले, तेही ठक्करांच्याच पत्रावरून. आश्रमाच्या देणग्या आटल्या, विहिरीवर भांडणं झाली, पण कुटुंब राहिलं.

त्यांच्या जुन्या धंद्याची छाप सगळ्यात ठळक दिसते ती खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात. 1917 च्या अतिवृष्टीनं पिकं बुडाली. शेतसाऱ्याचा नियम आणेवारीवर चालायचा: पूर्ण पीक सोळा आणे, आणि चार आणे किंवा त्याखाली उतरलं तर त्या वर्षीची वसुली तहकूब. आता शेतातलं उभं पीक किती आणे आहे, हे ठरवायचं कोणी? सरकारी अंमलदार बांधावरून नजर टाकणार आणि आकडा लिहिणार. शेतकरी म्हणायचे, चार आण्यांच्या खाली आहे. सरकारी कागद म्हणायचा, वर आहे. भारत सेवक समाजाकडून गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि ठक्कर पाहणीला गेले. गांधींनी आपल्या आत्मकथेत खेड्याच्या सत्याग्रहाची हकिकत सांगताना ठक्करांनी आधीच चौकशी करून अहवाल दिल्याची नोंद केली आहे. म्हणजे सत्याग्रह सुरू व्हायच्या आधी मोजणी झाली होती. लढ्याचा आवेश आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतो. बांधाबांधानं फिरून कणसं पाहणारा, विचारून टिपणं घेणारा इंजिनियर तितका राहत नाही. पण सरकारी आकडा खोटा ठरवायचा तर हातात दुसरा आकडा लागतो, आणि तो जागेवर जाऊन घेतलेला असावा लागतो.

त्यानंतर दुष्काळ, पूर आणि साथ जिथे येईल तिथे ठक्करबाप्पा जात. गुजरात, ओरिसा, पुढे 1946 मध्ये नोआखाली. मदतीच्या कामात धान्याच्या प्रत्येक पोत्याची नोंद आणि पैशाचा चोख हिशेब, याबद्दल त्यांची ख्याती होती. देणगी देणाऱ्या शेटजींचा विश्वास भाषणांपेक्षा त्या हिशेबावर जास्त होता, असं म्हणायला हरकत नाही. 1922 मध्ये पंचमहालात दुष्काळी कामाला गेले असताना भिल्लांची स्थिती पाहून त्यांनी दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं. मीराखेडी, जेसावाडा अशा गावांत आश्रम आणि शाळा उभ्या राहिल्या. मंडळाचा आजीव सभासद व्हायचं तर वीस वर्षं देण्याची शपथ घ्यावी लागे. कामाची मुदत आधी ठरवून मग माणसं नेमायची, हे कुठल्याही साइटवर शिकवलं जातं. 1932 मध्ये हरिजन सेवक संघ निघाला तेव्हा सरचिटणीस ठक्करबाप्पाच झाले, आणि 1933-34 च्या गांधींच्या देशव्यापी हरिजन दौऱ्याची आखणी त्यांच्याकडे होती. मुक्काम, गाड्या, सभा, निधीचा हिशेब. तो सगळा दौरा म्हणजे एक लांबच लांब रेल्वेचं वेळापत्रकच होतं.

1941 मध्ये ते पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मृती व्याख्यान द्यायला आले. विषय होता 'भारतातील आदिवासींचा प्रश्न'. शीर्षकातला 'प्रश्न' हा शब्द बघण्यासारखा आहे. दारिद्र्य, निरक्षरता, आजार, दुर्गमता असं एकेक कलम मांडून त्यावर उपाय सुचवायचा, ही इंजिनियरची रीत. त्याच काळात मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन मध्य भारताच्या जंगलात आदिवासींची गाणी आणि गोष्टी गोळा करत होते, आणि बाहेरच्या सुधारकांनी घाईनं या समाजात शिरू नये असं बजावत होते. ठक्करांना हे पटत नसे. आदिवासींना अलग ठेवणं म्हणजे त्यांना अज्ञानात ठेवणं, असं त्यांचं मत. दोघांतही खरं होतं. पाड्यावर शाळा आणि दवाखाना पोचवणारा माणूस ठक्कर होते. पाड्यावर मुळात काय आहे, जे मोजपट्टीत मावत नाही, हे एल्विनना जास्त कळत होतं. स्वातंत्र्य येताना संविधान सभेनं आसामखेरीज इतर वगळलेल्या आणि अंशतः वगळलेल्या क्षेत्रांसाठी उपसमिती नेमली, तिचे अध्यक्ष ठक्करबाप्पा होते. वयाची सत्तरी केव्हाच ओलांडलेली असताना त्यांनी पुन्हा दौरे काढले, माहिती गोळा केली, अहवाल दिला. जानेवारी 1951 मध्ये ते गेले.

यानंतर काळ आणि इंजिनियर दोन्ही बदलले. बांधकाम खात्याच्या जागी कारखाने आले, फुटाच्या जागी मायक्रॉन आला. पण दुष्काळ येतच राहिला.

1972 च्या दुष्काळात पुण्यातले एक कारखानदार पुरंदर तालुक्यात हिंडत होते. विलासराव साळुंखे हे मेकॅनिकल इंजिनियर. कारखान्यांना लागणारी अचूक मोजमापाची उपकरणं, गेजेस ते बनवत. दुष्काळी कामावर हजारो माणसं खडी फोडत होती, आणि त्या खडीचा पुढच्या वर्षीच्या पाण्याशी काही संबंध नव्हता. साळुंख्यांना हा हिशेब पटेना. नायगावात देवस्थानची चाळीस एकर माळजमीन त्यांनी भाडेपट्ट्यानं घेतली, पत्नी कल्पनाताईंसह तिथे मुक्काम हलवला, बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खणली आणि पाणी वर उचललं. पावसाचं पाणी शेतात ताली-बंधाऱ्यांनी अडवून जिरवावं, हे फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नव्वद वर्षांपूर्वी सुचवलं होतं. पुरंदरच्या माळावर ते आता उतरत होतं. 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान निघालं आणि त्यातून पाणी पंचायत.

इथे बांधकामापेक्षा नियम महत्त्वाचे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: दर माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी भरायचा. पाणी सोडणारा पाटकरी गावानंच नेमायचा.

गेज बनवणाऱ्या माणसानं हे नियम केले, यात योगायोग नसावा. कारखान्यात 'गो' आणि 'नो-गो' असं एक साधं गेज असतं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. कामगारानं डोकं चालवायची, साहेबानं दया दाखवायची सोयच नाही. भाग पास किंवा नापास. अडीच एकरांची मर्यादा तशीच होती. पाटलाला आणि भूमिहीनाला एकच गेज. निरेच्या खोऱ्यात विश्वेश्वरय्यांनी उसाला ब्लॉकात बसवून पाहिलं होतं, पण पुढे ऊस ब्लॉकांना पुरून उरला. त्याच भागातल्या कोरड्या पठारावर साळुंख्यांनी उसाला दारातच अडवलं. पुढे पाणी पंचायतीच्या अनेक योजना बंद पडल्या, आणि 2002 मध्ये साळुंखेही गेले. पण पाण्यावर हक्क जमिनीचा की माणसाचा, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या सिंचनाच्या चर्चेत त्यांनी जो घुसवला तो अजून बाहेर पडलेला नाही.

आयआयटी कानपूरहून 1975 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनियर होऊन पुण्यात टेल्कोच्या ट्रकच्या कारखान्यात लागलेले अरविंद गुप्ता यांची वाट आणखी निराळी. 1978 मध्ये नोकरीतून रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या आणि येणारही नव्हत्या. ट्रकच्या कारखान्यात कुठलाही भाग आखताना पहिला प्रश्न असतो तो साहित्याचा: बाजारात काय मिळतं, किती स्वस्त, आणि हजार नग काढले तर प्रत्येक नग सारखा येईल का. गुप्तांनी तोच प्रश्न आठवडी बाजारात विचारला. उत्तर मिळालं काड्यापेटीत आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लावायच्या बारीक रबरी नळीत. नळीचे तुकडे करायचे, त्यात काड्या खोचायच्या, आणि कोणालाही जोडता येईल असा सांधा तयार. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत 2014 पर्यंत ते अशी शेकडो खेळणी करत आणि मुलांकडून करून घेत राहिले.

त्या काड्यांचा पहिला धडा ठरलेला असतो. चार काड्या जोडून चौकोन करा आणि कोपऱ्यावर दाबा: तो कलंडतो, सपाट होतो. तीन काड्या जोडून त्रिकोण करा आणि दाबा: तो हलत नाही. पुलाच्या कैचीचं गणित पुण्याच्या कॉलेजात पोरं शिकत ते याच त्रिकोणापासून. होशंगाबादच्या शाळेत तो जमिनीवर मांडी घालून बसलेल्या पोराच्या हातात असायचा, आणि ते पोर दाबून दाबून बघत असायचं.